सरदार गेर्लाख घोड्यावर चढले ती गोष्ट

जर्मन मुलखात, सॅक्सनीच्या डोंगरात, आल्टनरोडे नावाचे गाव होते. गावाबाहेरच्या खोपटीत संत माइनोल्फ राहत. तिकडे त्यांना 'पिता' म्हणत. आपण महाराज म्हणू, भाव तोच.

गावचे सरदार गेर्लाख हे महाराजांचे भक्त. वय सत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. थोरला मुलगा लढाईत गेला. त्याची विधवा हेडविग आणि तान्ही नात मागे उरल्या. बाबांचे डोळे मिटले की वहिनीला गढीबाहेर काढणार, असे धाकटा रूपर्ट रोज जेवताना सांगे. वाढायला वहिनीच असे.

गेर्लाखांनी ठरवले, नदीकाठचे घर आणि कुरण सुनेला द्यायचे. पण तिथला कायदा असा, की दान देणाऱ्याने कमरेला तलवार लावून, हातात ढाल घेऊन, हातभर उंचीच्या दगडावरून, कुणाच्याही मदतीशिवाय घोड्यावर चढून दाखवायचे. चढला तर मालक, नाहीतर नुसता बाप.

"महाराज, घटकाभर गुडघे द्या," गेर्लाख म्हणाले.

महाराज म्हणाले, "माझेही गेलेत रे. तू चौकात उभा राहा. मी येतो."

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर पंच जमले. रूपर्टने स्वतः घोडा निवडून आणला होता. काळा, आडदांड, दोन मोतद्दारांची हाडे मोडलेला.

"चढा बाबा! घाई नाही, संध्याकाळपर्यंत थांबतो आम्ही," रूपर्ट म्हणाला. लोक हसले. "अरे वा, महाराजही आले! शिडी आणलीत का?"

गेर्लाख एकदा घसरले. दुसऱ्यांदा ढालीसकट आपटले. हेडविग धावली.

"बाई, हात लावलास तर दान बुडाले," वृद्ध पंच म्हणाले. "सरदार, आता शेवटची खेप."

महाराज घोड्यासमोर आले. हात जोडले, डोळे मिटले. बस्स, एवढेच. आणि काय सांगावे! त्या काळ्या जनावराने पुढचे पाय दुमडले आणि भर चिखलात गुडघे टेकले. गेर्लाखांनी पाय टाकला. घोडा त्यांना घेऊन अलगद उठला.

"ही मदत झाली!" रूपर्ट ओरडला.

पंचांनी डोके खाजवले. "कायदा माणसांच्या मदतीबद्दल आहे. माणसांनी काही मदत केल्याचे मला तरी दिसले नाही."

हे जनावर कुणापुढे वाकत नाही, हे रूपर्टइतके कुणालाच ठाऊक नव्हते. म्हणून तर त्याने ते निवडले होते. त्याचा चेहरा उतरला. तो महाराजांच्या पायांवर कोसळला.

"चुकलो, महाराज!"

"मला काय सांगतोस? तिकडे सांग."

रूपर्ट वडिलांच्या रिकिबीपाशी गेला आणि मान खाली घालून उभा राहिला. गेर्लाखांना वरून त्याचे पिकू लागलेले केस दिसले. त्या डोक्यावर हात ठेवावा असे त्यांना फार वाटले. पण पंचांनी दान तीनदा पुकारेपर्यंत ढाल आणि लगाम सोडायचा नव्हता, आणि पंच सावकाश पुकारत होते.

"थांब," गेर्लाख म्हणाले. "आधी तिचे होऊ दे."

रूपर्ट तसाच वाकून उभा राहिला.