हिरवा दिवा लागेपर्यंत

"म्हणजे दोन तासांत काहीच चार्ज झालं नाही?" बुवांनी विचारलं.

सुधन्वाने नुसती मान हलवली.

लातूरच्या हॉटेलातली खोली. प्लग सापडावा म्हणून पलंग भिंतीपासून ओढलेला, टीव्हीची पिन उपटलेली. आणि एक्स्टेंशन बोर्डावर फोन, टॅब, रेकॉर्डर… तिन्ही मेलेले.

झालं होतं एवढंच. जेवायला खाली जाताना त्याने दाराजवळच्या खाचेतलं कार्ड काढून खिशात घातलं. तीच खोलीची किल्ली, जपायला नको? ते कार्ड निघालं की खोलीची वीज जाते, हे नेमकं इंजिनिअर माणसाच्या ध्यानात आलं नाही. आत्ता कार्ड परत खाचेत घातल्यावर कुठे चार्जिंग सुरू झालं.

"किल्ली तर सांभाळलीस ना? मग झालं," बुवा म्हणाले आणि ओढलेल्या पलंगावर मांडी घालून बसले.

दामूबुवा केजकरांना चेष्टेची खोड होती. वय ऐंशी, गावोगाव प्रवचनं. सुधन्वा नऊ वर्षं त्यांच्या मागे फिरत होता. बुवांचा एक शब्द त्याने खाली पडू दिला नव्हता. साडेचारशे तासांचं रेकॉर्डिंग! कुणी नाव विचारलं, तरी तो आधी हा आकडा सांगे.

स्वतः मात्र तो चार माणसांपुढे कधी बोलला नव्हता. ते त्याला फार सलत होतं. आज सकाळी त्याने धीर करून विचारलंच, "बुवा, मी प्रवचनाला कधी बसू?"

"जेवल्यावर सांगतो," बुवा म्हणाले होते.

आता जेवण झालं होतं.

"तर ऐक…"

"थांबा, बुवा. रेकॉर्डर सुरू होत नाहीये. दहा मिनिटं. हिरवा दिवा लागू द्या."

"उत्तर तुला पाहिजे का त्याला?"

"तसं नाही. पण नंतर एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर…"

"बरं. थांबू."

दोघे लाल दिव्याकडे बघत बसले. बुवा तर अगदी मन लावून.

"तवर काल उदगीरला मी काय बोललो, ते सांग."

"ते यात आहे, बुवा."

"ते झोपलंय. तू जागा आहेस."

सुधन्वाने डोळे मिटले. श्लोक आठवेना. ओवी आठवेना. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली.

"विषय क्रोधाचा होता…"

"पुढं?"

"पुढे माइक किंचाळला. दोनदा. तिसऱ्यांदा तुम्ही त्याला चापट मारलीत."

"मारली?"

"चांगली सणसणीत!" सुधन्वा उठला. उशी उभी धरून त्याने तिला एक लगावली, आणि हुबेहूब बुवांच्या आवाजात म्हणाला, "'बघा, आला का नाही? अन् मी तासभर तुम्हाला सांगायलोय, त्याला घालवा म्हणून!' सगळा मांडव हसून लोटपोट."

बुवाही लोटपोट. उपरण्याने डोळे पुसत त्यांनी विचारलं, "अन् तू?"

सुधन्वाने उशी खाली ठेवली.

"मी नाही हसलो. हसण्याचा आवाज फार येत होता, मी रेकॉर्डरचा आवाज कमी करत होतो. शेजारच्या आजी म्हणाल्या, 'आवं, बुवा हसायलेत, बघा की जरा.'"

"मग?"

"बघितलं. तोवर तुम्ही पाणी पीत होतात."

सुधन्वाने लाल दिव्याकडे पाहिलं.

"बुवा, राग तेवढा वाईट नसावा. राग येतो तेव्हा माणूस निदान तिथे असतो. मी तर तिथे नव्हतोच."

बुवांचं हसू थांबलं. ते त्याच्याकडे बघत राहिले.

हिरवा दिवा लागला.

सुधन्वाने लगबगीने रेकॉर्डर सुरू केला, बुवांपुढे ठेवला आणि हात जोडले. "आता सांगा. मी कधी बसू?"

बुवा पलंगावरून उतरले. त्याच्या खांद्याला धरून त्यांनी त्याला आपल्या जागी बसवलं. रेकॉर्डर त्याच्याकडे वळवला. मग गुडघे धरत, हळूहळू, ते समोर फरशीवर बसले.

"राग तेवढा वाईट नसावा, इथवर आला होतात," बुवा म्हणाले. "पुढं बोला, महाराज."