फिलिपचा चिंचोका

“तुमचा फोटो त्याला दिला कोणी, आबा?”

एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या संदेशनं.

हनोख आबा बाजेवर बसले होते. वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं खेडोपाडी पाळक म्हणून राबलेले. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, तेव्हापासून ख्रिस्ती देवळामागच्या या दोन खोल्यांत मुलगा-सुनेजवळ राहत होते. मांडीवर जर्मलची वाटी होती आणि वाटीत चिंचोके. आबांची बोटं त्यांतून एकेक चिंचोका चाचपत होती, ओठ हलत होते.

“संदेश का रे?”

“जय ख्रिस्त, आबा.” संदेशला आत्ता कुठं आठवलं.

“जय ख्रिस्त. चपला काढ, बस. कसला फोटो?”

“आमोसच्या वेबसाइटवरचा. पहिल्याच पानावर! खाली लिहिलंय, ‘आमचे आबा’.”

“असंल. परवा तो काहीतरी टिकटिक करत व्हता खरा. मला वाटलं, घड्याळ बघतोय.”

“बनियनवर आहात तुम्ही त्यात!”

“मंग? उन्हाळाय.”

आता फोटोचं ते काय एवढं, असं कुणीही म्हणेल. म्हणू दे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आबांच्या हाताखाली दोघं शिकले, संदेश मकासरे आणि आमोस त्रिभुवन. एकाच वस्तीतले, एकाच बाकावरचे. संदेश हुशार, खणखणीत आवाजाचा. त्याला तालुक्याच्या चर्चची मोठी मंडळी मिळाली. रविवारी तीनशे माणसं, नवे बाक, व्यासपीठावर दोन माइक. आमोस अडखळत बोलायचा, त्याला ओढ्याकाठची बावीस घरांची मंडळी मिळाली. तेव्हा संदेशनं त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, “कुठंही असलं तरी सेवा ती सेवाच, गड्या.” मोठेपणा करणं तेव्हा स्वस्त होतं.

मग आमोसनं वेबसाइट काढली. स्वतःच, मोबाइलवर. तीन पानं. अक्षरं लहानमोठी, एक फोटो आडवा पडलेला. संदेश पहिल्यांदा पोट धरून हसला. मग त्यानं खालचा आकडा पाहिला. चाळीस हजार लोक येऊन गेले होते. दुबईहून, नागपूरहून, कुठून कुठून.

त्या दिवसापासून संदेशच्या पोटात दुखू लागलं ते थांबेना. उपदेशाला उभा राहिला की समोरची तीनशे माणसं दिसायची नाहीत, तो आकडा दिसायचा. बायकोनं, एस्तेरनं एकदा विचारलं, “तुम्ही प्रार्थना करताय की हिशेब?” त्यावर दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

आणि आज फाट्यावर वळताना समोरून आमोसची जुनी फटफटी गेली. आबांकडूनच परतत होता. हात हलवून हसलासुद्धा.

संदेशच्या अंगाची लाही लाही झाली.

“सकाळी सकाळी आला होता ना तो?” बाजेसमोरच्या खुर्चीवर बसत त्यानं विचारलं.

“आमोस? येतो की. दर शुक्रवारी येतो.”

दर शुक्रवारी! म्हणजे हे असं चाललंय तर. म्हाताऱ्याला लोणी लावायचं, फोटो काढायचे, जगाला दाखवायचे. संदेशनं मनातल्या मनात सगळं जुळवूनही टाकलं.

आबांची सून वत्सला चहा आणि बशीत दोन शंकरपाळ्या घेऊन आली. एकच कप.

“आबांना?”

“आबांचा शुक्रवार असतो,” ती म्हणाली. “पूर्वी महिन्यातून एक धरायचे. आता दर आठवड्याला. या वयात उपास! सांगून बघा तुम्ही, आमचं काही ऐकत नाहीत.”

“ऐकू येतंय बरं मला,” आबा म्हणाले. “डोळं गेलेत, कान न्हाई.”

वत्सला हसत आत गेली. संदेशनं कप उचलला, पण त्याचं लक्ष उपासात नव्हतं. त्यानं पिशवीतून फाइल काढली.

“आबा, मीपण वेबसाइट काढतोय. पुनरुत्थानाच्या रविवारी सुरू होईल. अकरा पानं आहेत.”

“आमोसची किती?”

“तीन.”

“बरं. मंग तू जिंकलास. च्या पी.”

संदेशला ते झोंबलं, पण त्यानं गिळलं. काम होतं ना.

“तुम्ही दोन शब्द बोला. मी मोबाइलवर घेतो. एवढंच म्हणा, की संदेश माझा विद्यार्थी, माझी सेवा तोच पुढं चालवतोय. पहिल्या पानावर ठेवीन. सदरा घाला फक्त.”

आबांची बोटं चिंचोक्यांवर फिरत राहिली.

“आणि...” संदेश थांबला. पण पोटात होतं ते ओठांवर आलंच. “आणि आमोसला सांगा, तुमचा फोटो काढून टाक म्हणावं. दोन दोन ठिकाणी बरं दिसत नाही.”

“कुणाला बरं दिसत नाही?”

“...लोकांना.”

“तू त्याची वेबसाइट दिवसातनं किती वेळा बघतोस रे?”

“अधूनमधून.”

“संदेश...”

“वीस वेळा. पंचवीस.”

“मंग त्या चाळीस हजारांत तुझेच हजारभर असतील की.”

संदेशचे कान तापले. आपण चुलीत फुंकर घालायची आणि वर म्हणायचं, जाळ फार झाला! हे त्याच्या आजवर डोक्यातच आलं नव्हतं.

“वाच,” आबा म्हणाले. “अकरा पानं म्हणालास ना? मला दिसत न्हाई. वाचून दाखव.”

संदेश सरसावून बसला. वाचायला त्याला नेहमीच आवडायचं.

“पान पहिलं. देवळाचा फोटो, उगवत्या सूर्यासकट. खाली माझं स्वागताचं भाषण.”

“हां.”

“पान दुसरं. मंडळीचा इतिहास आणि पाळकांची ओळख. माझं शिक्षण, माझ्या सभा, परगावचे दौरे.”

“हां.”

“तिसरं, चौथं, पाचवं. माझे उपदेश. ऐकायचे, बघायचे, वाचायचे.”

“हां. तुझा आवाज चांगलाच हाय.”

संदेश खुलला. सहावं, सातवं, आठवं त्यानं भराभर वाचलं. महिला मंडळ, तरुण संघ, नाताळचे फोटो. नववं पान साक्षींचं, कुणाला देवाचा काय अनुभव आला त्याचं. मग तो दहाव्यावर आला.

“दहावं पान. प्रार्थनेच्या विनंत्या. माणसानं नाव, गाव आणि अडचण लिहायची. बटण दाबलं की त्याला ताबडतोब उत्तर जाणार, ‘आम्ही आपल्यासाठी प्रार्थना करीत आहोत.’ रविवार असो, सण असो, दिवसाचे चोवीस तास!”

“कोण पाठवणार उत्तर?”

“कुणी नाही, आबा. आपोआप जातं. तीच तर गंमत आहे.”

“आन् प्रार्थना?”

“...म्हणजे?”

“उत्तर आपोआप जातं. प्रार्थना कोण करतं?”

संदेशनं फाइल खाली ठेवली.

“ते... समिती नेमू. पुढं बघू. आबा, सगळ्यांचं असंच असतं. आमोसचंही यंत्रच आहे. त्याच्याकडं लिहिलं की दुसऱ्या दिवशी दोन ओळी येतात. ‘प्रार्थना सुरू केली आहे. झोप लागली की कळवा.’ साचेबंद!”

आबांची बोटं थांबली.

संदेशनं जीभ चावली. पण बाण सुटला होता.

झालं होतं ते असं. तीन महिन्यांपूर्वी एकदा चिडून, आमोसचं पितळ उघडं पाडू म्हणून, संदेशनं त्याच्या वेबसाइटवर खोट्या नावानं विनंती लिहिली होती. नाव फिलिप, गाव राहुरी. अडचणीच्या चौकटीत काय लिहावं ते सुचेना. मग आलं ते लिहून टाकलं, ‘झोप लागत नाही. प्रार्थना करावी.’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं तेव्हा तो एस्तेरला दाखवून हसला होता. बघ म्हणे, यंत्र माणसाला झोपवतंय! एस्तेर हसली नव्हती. ती म्हणाली होती, “खोटं तरी कुठं लिहिलंत? झोपता कुठं तुम्ही?”

आबांची बोटं पुन्हा वाटीत फिरू लागली.

संदेशची नजर वाटीवर गेली.

“हे चिंचोके कसले, आबा?” त्यानं विषय बदलायला विचारलं.

“हे व्हय?” आबांनी वाटी पुढं केली. “ही आमोसची वेबसाइट.”

“वेबसाइट?”

“त्याच्याकडं लोकं लिवतात. तो आठवडाभर कागदावर उतरून घेतो आन् शुक्रवारी इथं येतो. उपाशी येतो. मला वाचता येईना, म्हणून तो एकेक नाव वाचतो, मी एकेक चिंचोका वाटीत टाकतो. मंग दोघं गुडघ्यावर. तो जातो, मी दिवसभर चाचपत बसतो. हा गंगापूरच्या बाईचा, तिचा पोरगा घर सोडून गेलाय. हा दुबईच्या माणसाचा, त्याला घर आठवतं. कुणाचं काम झालं, त्यानं कळवलं, की त्याचा चिंचोका मी दारातनं अंगणात फेकतो. उगवला तर उगवला.”

संदेश वाटीकडं बघत राहिला. वाटी निम्मी भरलेली होती.

म्हणजे फटफटीवरचा माणूस लोणी लावायला येत नव्हता.

“आणि उत्तरं? ती दोन ओळींची?”

“तोच लिवतो की. प्रार्थना झाल्यावर. आधी न्हाई लिवत. म्हणतो, आधी लिवलं तर खोटं व्हईल. म्हणून तर ज्याचं त्याला दुसऱ्या दिवशी जातं. मधल्या वारी कुणी लिवलं तर रातच्याला एकटाच बसतो, मंग सकाळी कळवतो. बोलताना अडखळतो ना, लिवतानाबी अडखळतो. दोन ओळींपुढं त्याला जमतच न्हाई.”

संदेशनं कप तोंडाला लावला. चहा गार झाला होता.

आबांनी वाटीत बोट फिरवून एक चिंचोका नेमका उचलला. बाकीच्यांपेक्षा तो चकचकीत होता. हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला.

“बाकीच्यांचं कळतं कधी ना कधी. या एकाचं काय कळंना. तीन महिने झाले.”

“कोणाचा आहे?” संदेशनं विचारलं. विचारायला नको होतं, हे विचारल्यावर कळलं.

“फिलिप म्हणून हाय. राहुरीचा.”

कप बशीवर वाजला.

आबांनी मान किंचित त्या बाजूला वळवली. पण सांगत राहिले.

“बिचाऱ्याला झोप लागत न्हाई. बाकी काय लिवलं न्हाई त्यानं. आमोस म्हणाला, आबा, एवढंच लिवणारा माणूस फार दुखावलेला असतो. दोनदा राहुरीला जाऊन आला. उपासना सुटायच्या वेळी देवळाच्या दारात उभा राहिला आन् येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं, फिलिप कोण? फिलिप कोण? लोकं हसली त्याला. एकजण तर म्हणाला, पाळक असून भिकाऱ्यासारखा दारात काय उभा राहतोस.”

“त्यानं...” संदेशनं कप बाजूला सारला. “त्यानं जायला नको होतं, आबा.”

“मीबी तेच म्हणलं. तर म्हणतो, मला कसं चालंल? मी झोपतो आन् तो जागा असतो.”

बाहेर चिंचेच्या झाडाखाली वत्सला झाडत होती. खराट्याचा आवाज तेवढा येत होता.

संदेश मान खाली घालून बसला. आमोसवर रागवायला त्याच्याकडं काही उरलं नव्हतं, आणि तेच सगळ्यात जास्त लागत होतं.

“तीन महिने तुम्ही दर शुक्रवारी उपाशी राहता...” तो शेवटी पुटपुटला.

“त्याचं काय न्हाई. या वयात भूक असती कुठं.”

“आबा, तो फिलिप...”

“हात आण.”

“आबा, मी...”

“हात आण म्हणलं ना.”

संदेशनं हात पुढं केला. आबांनी तो अंधारात दिवा शोधावा तसा चाचपून धरला. तळवा उलटा केला, त्यावर तो गुळगुळीत चिंचोका ठेवला आणि एकेक करून त्याची पाची बोटं मिटवली. मग दोन्ही हातांत ती मूठ थोडा वेळ धरून ठेवली.

संदेशचे डोळे वाहू लागले. बऱ्याच दिवसांचे लाल, तारवटलेले डोळे. आबांना ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

“वत्सला,” आबांनी अंगणाकडं हाक मारली, “माझं ताट वाढ. याचंबी वाढ.”

“शुक्रवार आहे ना, आबा?” ती दारातून म्हणाली.

“झाला.”

संदेश उठला. जेवण त्याच्या घशाखाली उतरलं नसतं. त्यानं फाइल उचलली, परत खुर्चीवर ठेवली, तशीच सोडली. उंबऱ्यापाशी चपला घालताना त्याला धीर होईना, तरी मागं वळून म्हणाला, “आबा, आमोसला काय सांगू?”

आबा वाटीतले उरलेले चिंचोके सारखे करत होते.

“त्याला काय सांगायचं ते तुझं तू बघ,” ते म्हणाले. “मला तेवढी झोप लागली की कळव, फिलिप.”