कधी रिकामं न राहिलेलं रान

"रान जाणार हे सुनेला कशाला सांगता? मुकी गाय आहे. मूठ टाकेल नि घरात जाईल."

सासरे बहिरोजी ओसरीवर असं बोलले, ते भिवरानं पीठ गोळा करायला जातं थांबवलं तेव्हा ऐकलं. चार उंच इमारतींच्या मधे हा जो काळ्या रानाचा हिरवा तुकडा दिसतो, त्याची गोष्ट तिथून सुरू होते म्हणे.

तेव्हा इथल्या सरदाराला पेठ वसवायची होती, तीही नेमकी शाळूच्या कसदार जमिनीवर. गावानं रानं दिली. बहिरोजींना रानाच्या बदल्यात पेठेच्या शेटेपणाची, म्हणजे पेठेच्या प्रमुखाची, पगडी कबूल झाली. पण हस्ताची ओल जमिनीत असताना रान रिकामं ठेवणं कुणब्याच्या जिवाला कसं पटावं? द्यायचं रानही त्यांनी पेरलं, आणि रीतीप्रमाणे पहिली मूठ नव्या सुनेकडून टाकवली.

उभ्या पिकात मोजणीची दोरी टाकायची नाही, असा तेव्हाचा दंडक होता म्हणे. सरदाराचा कारकून मोजणीला शाळू काढायच्या वेळी आला, तर ताटांमधून चवळी वर आलेली. भिवरानं विहिरीवरून घागरी वाहून ती जगवली होती. चवळी निघाली, तेव्हा तिच्यात बाजरी होती.

"सूनबाई मुकी आहे म्हणालात ना?" कारकून म्हणाला.

"तोंडानं मुकी आहे हो," बहिरोजी म्हणाले.

आजूबाजूची रानं गेली, चौबाजूंनी भिंती उठल्या. ऊन फक्त दुपारचं उतरू लागलं. भिवराला माहेरचं बोलावणं तीनदा आलं, तीनदा ती गेली नाही; पाठ फिरली की रान मोकळं पडेल. बहिरोजी पगडी घालून दिवसभर बांधावर बसत नि शेंगा वाळायची वाट बघत.

शेवटी तेच वैतागले. "अगं, किती दिवस कोंडून घेशील स्वतःला? सोड ते रान!"

आजही त्या तुकड्यात एक पीक निघायच्या आत दुसरं टाकतात. घरात नवी सून आली की पहिली मूठ तिची. आणि मूठ टाकून झाल्यावर, भिवरा त्या दिवशी पदर सावरत सगळ्यांदेखत जे बोलली, ते तिनं मोठ्यानं बोलायचं असतं:

"मामंजी, दिल्या घरी राहायचं, हे मला शिकवून पाठवलंय. रानालाही मी तेच शिकवलंय."