बोरहळ्ळीचा हालकट्टा

बोरहळ्ळीच्या वेशीबाहेर, ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर, एक काळा दगडी कट्टा आहे. त्याच्या मधोमध चरवीच्या बुडाएवढा खळगा आहे. गाव पाहुण्यांना आधी तिथे नेते, देवळात नंतर. या कट्ट्याला हालकट्टा म्हणतात. मराठी माणसाला वाटते, इथे कुणाचे तरी हाल झाले असणार. कानडी माणूस सांगतो, हालू म्हणजे दूध, तेव्हा हा दुधाचा कट्टा. दोघांचेही खरे आहे. शेजारच्या गावची टवाळ पोरे त्याला मुद्दाम 'हलकट्टा' म्हणतात, कारण हलकट ही शिवी ओढ्याच्या दोन्ही काठांवर चालते. बोरहळ्ळीकर ते मुकाट ऐकून घेतात.

गावाच्या नावातच बोर मराठी आणि हळ्ळी कानडी. कुणब्यांच्या घरात मराठी, वाण्यांच्या घरात कानडी, मोमीन विणकरांची दखनी आणि तांड्यावरच्या लमाणांची बोली आणखी निराळी. बुधवारच्या बाजारात भांडण मराठीत निघायचे, सौदा कानडीत तुटायचा आणि लुगड्याच्या पोताला नावे ठेवायची ती दखनीत, अशी रीत होती म्हणे. कुणाला कुणाचे कळत नाही, असे या गावात कधी घडलेच नव्हते.

पुढे वरच्या आणि खालच्या संस्थानांत हद्दीचा वाद लागला. ज्या गावात मराठी बोलतात ते वरच्याचे, कानडी बोलतात ते खालच्याचे, असे ठरले. वरच्या संस्थानाने बाजाराची जकात माफ करायचे कबूल केले होते. खालच्याची जकात अशी जबर, की मिरचीचे पोते विकून हाती नुसता ठसका उरायचा. गावात कोणती भाषा चालते ते पाहायला पाहणीदार येणार अशी वर्दी आली, तेव्हा भैरोजी पाटलाने गाव चावडीवर बोलावले. "पाहणीदार हाय तवर कुनी कानडी बोलायचं न्हाई," तो म्हणाला. "अन् कुनी बोललंच, तर ते कुनाला कळायचं न्हाई." कानडी वाण्यांनीही माना डोलावल्या, कारण जकात त्यांनाच जास्त बोचत होती.

गवळ्याच्या घरी निंगव्वा नावाची सून होती. माहेर ओढ्यापलीकडचे, मायबोली कानडी. तिच्या म्हशी तिच्या 'बा, बा'ला यायच्या आणि कानडीतल्या दोन गोष्टी ऐकल्यावरच पान्हा सोडायच्या. आता ती 'ये, ये' म्हणू लागली, तर म्हशी ढिम्म. सासू भागाई म्हणाली, "म्हशीला काय जकात कळती व्हय? तिच्या कानात हळूच बोल, कुनी ऐकत न्हाई." तेव्हापासून निंगव्वा गोठ्यात वाकून म्हशीच्या कानात आपली भाषा कुजबुजायची. असे करताना तिला हसू यायचे, आणि हसून झाल्यावर लाज वाटायची.

पाहणीदार आला आणि वेशीतच बैठक मांडून बसला. एका तिन्हीसांजेला ओढ्याकडून एक बाई आली. खालच्या मुलखात दुष्काळ होता. तिच्या कडेवर तान्हे मूल होते आणि ते रडायचेही थांबले होते. ती वाण्याच्या ओट्यापाशी गेली, तेव्हा वाण्याने तराजू पुसायला घेतला. पाटलाकडे गेली, तर पाटील म्हणाला, "काय म्हंती, कळंना झालंय." पाहणीदार टक लावून पाहत होता. निंगव्वा धारेची भरली चरवी घेऊन गोठ्यातून येत होती. बाई तिच्यापुढे उभी राहिली.

"अव्वा, कूसिगे स्वल्प हालू कोडरी."

बाळाला थोडे दूध द्या, एवढेच ते मागणे. निंगव्वाची आईही बाळाला कूसू म्हणायची, याच हेलात. निंगव्वाने पाटलाकडे पाहिले. पाटलाने नुसती मान हलवली. तिने सासूकडे पाहिले. सासूने पदर तोंडाला लावला. मग आपल्याच मायबोलीला निंगव्वा मराठीतून म्हणाली, "काय म्हंतीस, मला कळत न्हाई." पण तिच्या हातातली चरवी बाळाच्या बाजूला कलली होती, आणि दूध धुळीत सांडत होते.

बाईने ते दूध पाहिले, मग निंगव्वाचे तोंड पाहिले. "तिळीतु," ती म्हणाली. म्हणजे, कळले. आणि आली तशी ओढ्याकडे उतरून गेली.

निंगव्वाला रात्रभर डोळा लागला नाही. उजाडता उजाडता ती ताज्या दुधाची चरवी घेऊन ओढ्यावर धावली. बाई करंजाच्या झाडाखाली बसली होती. मांडीवरचे बाळ थंड पडले होते. निंगव्वाने तिचे पाय धरले आणि कानडीत तोंडाला येईल ते बोलत सुटली. आपले माहेर कुठले ते सांगितले, आईचे नाव सांगितले, मला सगळे कळले होते असे दहादा सांगितले. बाई शांतपणे तिच्याकडे पाहत राहिली, परक्या मुलखातल्या माणसाचे बोलणे ऐकावे तशी. मग बाळ पदरात गुंडाळून ती उठली आणि गेली. ती कोण, कुठली, हे कुणालाच कधी कळले नाही.

निंगव्वा परतली ती घरी गेली नाही. वेशीबाहेरच्या या दगडावर तिने चरवी ठेवली, शेजारी बसली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "कूसिगे स्वल्प हालू कोडरी!" पाहणीदार बाहेर आला. पाटील धावत आला. "गप की गं बाई, गाव बुडंल," त्याने हात जोडले. ती पुन्हा तेच ओरडली. गावाने 'कळले' म्हणेपर्यंत इथून उठणार नाही, अन्नाला शिवणार नाही, अशी तिने आण घेतली होती.

ऊन डोक्यावर आले तरी ती ओरडत होती, आणि तिचा आवाज फाटला होता. सगळ्यांत आधी पुढे आली ती भागाई. जन्मात कानडीचा नीट उच्चार न जमलेली ती म्हातारी सुनेजवळ बसली आणि पाहणीदारादेखत म्हणाली, "तिळीतु गं बाई, तिळीतु. कालच तिळीतु." मग वाणी आले, विणकर आले, तांड्यावरची माणसे आली. शेवटी पाटील आला. त्याने पागोटे काढून हातात घेतले होते. त्याच्या तोंडून शब्द इतका बारीक आला, की निंगव्वाने त्याला तो पुन्हा म्हणायला लावला.

पाहणीदार हसला, घोड्यावर बसला आणि निघून गेला. गाव खालच्या संस्थानात गेले. पुढे कित्येक पिढ्या बाजाराने जकात भरली, आणि म्हणे, त्या जकातीबद्दल कुणी तक्रार केली नाही. खळगा निंगव्वाच्या चरवीने पडला असे सांगतात. कुणी म्हणतात पावसाच्या पाण्याने. त्यावरून गाव वाद घालत नाही.

आजही बैलांच्या बेंदूर सणाच्या दुसऱ्या दिवशी या कट्ट्यावर दुधाची चरवी ठेवतात. मराठी घरातली मुले कानडीत दूध मागतात, कानडी घरातली मराठीत, बाकीची ज्याला जी परकी त्या भाषेत. वाढणाऱ्याने आधी 'तिळीतु' म्हणायचे, मगच ओतायचे. पाटलाच्या घरचा माणूस उघड्या डोक्याने सर्वांत शेवटी उभा राहतो. सगळ्यांचे पिऊन झाले की तो उरलेले दूध खळग्यात ओततो, ओढ्याकडे तोंड करतो आणि मोठ्याने म्हणतो, "तिळीतु." मग सगळे गाव उत्तराची वाट पाहत थांबते. पलीकडून उत्तर येत नाही. थोड्या वेळाने लोक खाली मान घालून घरी जातात.