कटल्याची चाळीस डोकी

वैनगंगेकाठच्या मासेमार ढिवरांत डोमाजींच्या शब्दापुढे कुणी जात नसे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बारीक भोकांचं जाळं आणलं होतं. नव्या सुनेलाही ते मिशी पिळून सांगत, "यातून फक्त पाणी सुटतं!" रेवता मान डोलवी. डोहात मोठा मासा उरला नाही, हे सांगायची मात्र कुणाची छाती नव्हती.

अशात रेवताचे वडील पहिल्यांदाच लेकीकडे आले. व्याह्याच्या ताटात मोठ्या कटला माशाचं डोकं वाढायचं, ही घरची रीत. डोमाजींनी दिवसभर जाळं टाकलं. टोपलीत आली बोटभर पिल्लं.

"सूनबाई, आता इज्जत तुझ्या हाती," ते पुटपुटले.

रेवतानं वडिलांपुढे ताट ठेवलं. त्यात चाळीस चिमुकली डोकी!

"हे काय वं, पोरी?" डोमाजींनी विचारलं.

"कटल्याचीच आहेत, मामाजी. फक्त आपण त्यांना तीन वर्षं आधी बोलावलं."

व्याह्यांना ठसका लागला. डोमाजींनी मिशी चावली आणि मग स्वतःच खो-खो हसले.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून आज्याचं चार बोटं जातील एवढ्या भोकांचं जाळं उतरलं. नवं जाळं डोमाजींनी कोंबडीच्या पिल्लांवर पांघरलं.

"बसा निवांत," ते पिल्लांना म्हणाले, "मोठी झाल्याशिवाय कुणी बोलावणार नाही."