झोळीवरचे नाव

एकदा एक बाई होती आणि तिचा खांदा दुखतो यावर गावात कोणाचाही विश्वास नव्हता.

रक्त नाही, सूज नाही, तालुक्याच्या डॉक्टरांनी काढलेल्या फोटोत हाड शाबूत. मग दुखते काय? जाऊ म्हणाली, "भाकरी मोडताना बरा हलतो गं तुझा हात! भांडी दिसली की मात्र कळ येते." नवरा काही बोलला नाही, पण तिच्या हातातली घागरही त्याने घेतली नाही. न बोलणाऱ्यांचा अविश्वास जास्त लागतो, हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक.

ही बाई एका वृद्ध कारागिराकडे ढोलक्या मढवायला शिकत होती. बायकांचे हे काम नव्हे असे सगळे म्हणत असताना ती भांडून तिथे बसली होती आणि दोन वर्षे टिकली होती. फाल्गुनात एक वादी, म्हणजे ढोलकीचा चामडी पट्टा, तिने घाईने ओढला आणि खांद्यात सणक भरली. तेव्हापासून हे दुखणे.

त्या वृद्धाच्या घरी एक रीत होती. जो कातडे फाडेल त्याने त्यावर कोळशाने आपले नाव लिहून ते भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचे. ओरडा नाही, दंड नाही, नाव तेवढे लिहायचे. निम्म्या कातड्यांवर खुद्द म्हाताऱ्याचेच नाव होते. बाईचे नाव मात्र एकावरही नव्हते. तिच्या हातून फाटले की कातडे म्हाताऱ्या बोकडाचे असायचे, नाहीतर कातडे भिजवणाऱ्याने नीट भिजवलेले नसायचे. तिची कातडी खिळ्याला बिननावाची लटकत.

लोक विश्वास ठेवत नाहीत म्हटल्यावर तिने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, झोळी केली, हात तिच्यात घातला आणि ती गळ्यात बांधून बाजारातून चालत गेली. आता सगळ्यांना दिसले! गिरणीवाल्याने दळण आधी घेतले. जावेने न सांगता पाणी भरले. बाईने मनात म्हटले, बघा, आता कसे डोळे उघडले. चार-आठ दिवसांत सोडायची ती झोळी तिने अडीच महिने सोडली नाही.

कळ थांबली, पण हातही थांबला. तो खांद्याच्या वर जाईना, पाठीमागे वळेना. अंबाडा घालायला जावेपुढे बसावे लागे, आणि जाऊ केस अशी ओढायची की डोळ्यांत पाणी यावे.

म्हातारा एक दिवस सरळच म्हणाला, "पोरी, गणपतीच्या आधी चाळीस ढोलक्या द्यायच्यात. वादी ओढायला हात डोक्यावर जावा लागतो. नाही गेला तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

हे बायकांचे काम नव्हे म्हणणारे सगळे गाव आता बाईला हसणार होते. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या हातात जोर आहे. एक हिसका द्या आणि मोकळा करा खांदा. मी ओरडणार नाही."

म्हाताऱ्याने हिसका दिला नाही. एकाच कातड्यातून त्याने दोन वाद्या कापल्या. एक कोरडी तिच्या पुढ्यात टाकली. "ओढ. पायाखाली धर आणि सगळा जोर लाव." तिने डाव्या हाताने खसकन ओढली. वादी तडकली. दुसरी त्याने कोमट पाण्यात भिजवली, आढ्याला बांधली, खाली लिंबाएवढा दगड लटकवला आणि तो तंबाखू मळत बसला.

"याचं काय करायचं?"

"बघायचं."

"नुसतं बघायचं? मला इथं दुसरं माणूस आणायची धमकी देता आणि दगड टांगून बसता?"

"बसलोय खरा," म्हातारा म्हणाला.

रोज तो वादी ओली करी आणि एक खडा वाढवी. दहाव्या दिवशी त्याने ती उतरवली. चार बोटे वाढली होती, आणि कुठे चीर नव्हती.

तेव्हा तो बोलला. "पोरी, हाडाला मांस जोडणारं, सांध्याला वेढून बसलेलं जे आहे ना, ते आपल्या आतलं कातडंच. हिसक्यानं ते फाटतं. ऊब द्यावी, हळू ताणावं, धरून ठेवावं, सोडावं, की वाढतं. पण एक फरक आहे. ही वादी मेलेली आहे. तुझा खांदा जिवंत आहे. ज्या दिशेनं रोज ओढ देशील, त्या दिशेनं तो आपले धागे पुन्हा विणतो. आणि जिकडे हात नेणारच नाहीस, तिकडची वाट बाईला नको आहे असं समजून तो ती बुजवून टाकतो. अडीच महिने तू त्याला हेच सांगत होतीस."

बाईने डाव्या हाताने खांदा चाचपला. मग म्हणाली, "किती ताणायचं?"

"ओढ लागली पाहिजे, कळ येता कामा नये. कळ आली की मागे फिर."

त्या दिवसापासून ती अंघोळीच्या कढत पाण्याने खांदा शेकायची, भिंतीपाशी उभी राहायची आणि बोटे मुंगीसारखी वर चढवायची. जिथे ओढ लागेल तिथे तीस अंक मोजायचे, कोळशाची रेघ मारायची, खाली यायचे. सकाळी आणि संध्याकाळी. पहिले आठ दिवस रेघेवर रेघ आली, आणि तिने भिंतीला, रेघेला, म्हाताऱ्याला, सगळ्यांना शिव्या दिल्या. नवव्या दिवशी रेघ बोटभर वर सरकली. आषाढात ती कपाळापाशी आली, श्रावणाच्या सुरुवातीला डोक्यावर गेली. तिने आपला अंबाडा आपल्या हाताने घातला आणि गणपतीच्या सोळा दिवस आधी चाळिसाव्या ढोलकीची वादी ओढून बांधली. म्हाताऱ्याने ढोलकीवर थाप मारली, कान लावला आणि मान हलवली. दुसऱ्या माणसाची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

त्या संध्याकाळी बाईने झोळी आणली, कोळसा उचलला आणि म्हणाली, "ही खिळ्याला लावते. जावेचं नाव लिहिते हिच्यावर. तिनं विश्वास ठेवला असता तर ही बांधायची वेळच आली नसती."

"तिनं विश्वास ठेवला नाही, हा दोष तिचाच," म्हातारा म्हणाला. "त्यासाठी वेगळं फडकं आण, मी स्वतः तिचं नाव लिहीन. पण रीत काय आहे? ज्याच्या हातून खराब झालं, त्याचं नाव. ही गाठ कोणी मारली?"

"मी मारली. आधी दुखत होतं म्हणून."

"आणि नंतर?"

बाईने झोळीच्या गाठीकडे पाहिले. नंतर दुखत नव्हते. नंतर ती फक्त दाखवत होती. दुखणे खरे आहे हे लोकांना पटवता पटवता तिने खांद्यालाही तेच पटवले होते.

तिने झोळी गुडघ्यावर पसरली. शाळेत चौथीपर्यंत गिरवलेली मोठी, वाकडी अक्षरे तिने एकेक करून काढली. मग उजवा हात पूर्ण वर करून ते फडके सगळ्यात उंच खिळ्याला अडकवले. म्हातारा मागे सरकला आणि वाचू लागला. फडक्यावर तिने स्वतःचेच नाव लिहिले होते: अनसूया.