बेलपानाचं घोंगडं

माळाच्या कडेला वसलेल्या एका लहानशा गावात एक विणकरीण राहत होती. नवरा लवकर गेला, तेव्हापासून घोंगड्यांचा माग तीच चालवायची. लोकर स्वतः पिंजायची, सूत बारीक कातायची आणि धाग्याला धागा असा भिडवायची, की तिच्या घोंगड्यावर घागरभर पाणी ओतलं तरी ते घरंगळून जायचं, आत शिरायचं नाही. विणून झालं, की एका कोपऱ्यात लाल धाग्यानं बेलाचं पान काढायची. ती तिची खूण.

तिला एक धाकटा भाऊ होता. तो मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा. वर्षाकाठी कधीतरी बहिणीकडे यायचा आणि अंगावरचं, तिनंच विणलेलं घोंगडं थोपटत म्हणायचा, "अक्का, लोकांना घर असतं, मला हे आहे."

बाजाराच्या दिवशी ती आपली घोंगडी व्यापाऱ्याकडे न्यायची. व्यापाऱ्याची भाव ठरवायची रीत ठरलेली होती. आधी रंग बघायचा. मेंढीचा मूळचा काळा असला तर भाव वर, रंगवलेला असला तर खाली. मग लांबी-रुंदी हातानं मापायची, काठ सरळ आहे का ते पाहायचं. शेवटी घोंगडं तराजूत टाकायचं आणि बोटांनी दाबून बघायचं. जड आणि कडक असलं, की व्यापारी खूश.

शेजारीण विरळ विणायची. मग चिंचोक्यांची दाट खळ चोपडून घोंगडं उन्हात वाळवायची. ते जडही व्हायचं आणि फळीसारखं कडकही. दर वेळी भाव तिलाच जास्त मिळायचा.

एकदा विणकरणीला राहवलं नाही. ती म्हणाली, "शेठ, माझ्या घोंगड्यावर तांब्याभर पाणी टाकून तर बघा."

व्यापारी हसला. "मावशी, पाऊस काय माझ्या दुकानात पडतो? गिऱ्हाईक उचलून बघतं, हात लावून बघतं. हाताला लागेल त्याचे पैसे. तुझी वीण ही आतली गोष्ट. तिचे पैसे कोण देणार?"

घरी येताना शेजारीण म्हणाली, "अगं, चिंचोके काय विकत आणायचेत? दे चोपडून! तुझं एक होतं तोवर माझी तीन होतात."

"आणि भिजल्यावर गं? खळ धुऊन गेली म्हणजे?"

"तेव्हा ते कुणाच्या तरी अंगावर असेल. तुझ्या तर नाही ना?"

विणकरीण पुढं चालू लागली. पण घरी आल्यावर तिची नजर वर गेली. छप्पर जागोजागी उघडं पडलं होतं. ज्या हातांनी दुसऱ्यांना पाण्यापासून राखलं, त्या हातांच्या घरात दर पावसाळ्यात पाणी गळायचं. तिला स्वतःचीच कीव आली आणि रागही आला. त्या आठवड्यात तिनं पहिल्यांदा विरळ विणलं आणि खळीचं मडकं चुलीवर चढवलं. कोपऱ्यात बेलाचं पान काढताना सुई क्षणभर थांबली. पण हाताला सवय होती. हातानं पान काढलंच.

व्यापाऱ्यानं घोंगडं तराजूत टाकलं आणि मान डोलावली. "आत्ता कुठं शहाणी झालीस, मावशी!"

पावसाळ्याआधी छप्पर नवं झालं. ती तसंच विणत राहिली.

थंडी सरता सरता अवकाळी गारा कोसळल्या. दोन मेंढपाळ तिच्या भावाला बाजेवर घालून दारात घेऊन आले. त्याचं अंग तापानं फणफणलं होतं. पायाशी एक घोंगडं पडलं होतं, ओलं आणि लिबलिबीत, माशाच्या जाळ्यासारखं.

एक मेंढपाळ म्हणाला, "ढग दाटले तसं आम्ही म्हटलं, गावातल्या देवळात चल. हा ऐकतोय कुठं! म्हणाला, तुम्ही जा. मी मेंढरांपाशी थांबतो, माझ्याकडे अक्काचं घोंगडं आहे."

भावानं डोळे उघडले. "अक्का, तुझं जुनं घोंगडं ठिणगी पडून जळालं गं. म्हणून लांबच्या बाजारात हे घेतलं. बेलपानाचं म्हणून दुकानदारानं दीडपट पैसे घेतले. तिकडं सगळे बेलपानच मागतात. मी आनंदानं दिले."

विणकरीण बघतच राहिली. म्हणजे आतल्या गोष्टीचे पैसे लोक देत होते! इतकी वर्षं देत होते. फक्त ते तिच्या हातात पडत नव्हते, आणि तिला कुणी सांगतही नव्हतं.

"पण हे खोटं निघालं," भाऊ धापा टाकत म्हणाला. "कुणीतरी तुझी खूण चोरलीय, बघ. तू असलं विणणार नाहीस. विणशील का गं?"

तिनं तो ओला कोपरा हातात घेतला. पानाचं तिसरं दळ तिच्या हातून नेहमी थोडं वाकडं यायचं. इथंही ते वाकडं होतं.

"नाही रे राजा," ती म्हणाली. "चोरलीच असेल कुणीतरी."

भावाला बरं वाटलं. त्यानं डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

त्याचे सोबती संतापले होते. ज्या ज्या बाजारात गेले तिथं त्यांनी सांगितलं, "बेलपान बघून घोंगडं घेऊ नका. आमचा माणूस गेला त्यात."

विणकरणीनं खळीचं मडकं उकिरड्यावर फोडलं. पुन्हा पहिल्यासारखं विणायला बसली. पूर्वी कधी विणलं नव्हतं इतकं घट्ट घोंगडं तिनं विणलं, कोपऱ्यात बेलाचं पान काढलं आणि बाजारात नेलं.

व्यापाऱ्यानं रंग पाहिला, काठ पाहिला. तराजूत टाकायच्या आधी त्याची नजर कोपऱ्यावर गेली.

"मावशी, बाकी सगळं ठीक. पण हे पान दिसलं की गिऱ्हाईक घोंगडं खाली ठेवतं. एवढं उसवून दे, मग तुला भाव देतो."

"शेठ, ह्याच्यावर पाणी टाकून बघा."

"तू आधी उसव."

ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि सुईच्या टोकानं एकेक टाका काढू लागली. लाल धागा मांडीवर गोळा झाला. वीण इतकी दाट होती, की धागा निघाला तशी भोकं आपोआप मिटून गेली. पान कुठं होतं, ते मग तिलाही सापडेना.

तात्पर्य एवढंच: रंगाचे आणि वजनाचे पैसे बाजार आपल्यासमोर मोजतो. विश्वासाचेही तो मोजत असतो, पण आपल्या पाठीमागं, आणि ते आपल्याला विश्वास गमावल्यावरच कळतं.